नदीला शर्यतीबाहेर काढू नका
आंतरराष्ट्रीय कनू महासंघाच्या अध्यक्षांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष,
आंतरराष्ट्रीय कनू महासंघ, लोझान
यांस,

आपल्या महासंघाच्या कारभारात सपाट पाण्यावरच्या शर्यती आहेत, दांड्यांमधून वळणे घेत जाणारे स्लॅलम आहे, मॅरेथॉन आहे, कनू पोलोही आहे. या सगळ्यांत वाइल्डवॉटर हे घरातले दुर्लक्षित भावंड. उधाणलेल्या नदीतून काही किलोमीटर सलग उतरायचे, वाटेत कुठलाही दांडा नाही, कुठलाही गुण नाही, फक्त घड्याळ. या खेळाची जी मूळ शर्यत, जिला आपण क्लासिक म्हणता, ती गेल्या पंचवीसेक वर्षांत बाजूला सरकत गेली आहे आणि तिची जागा एकाच खळाळावर मिनिटाभरात संपणाऱ्या स्प्रिंटने व्यापली आहे. हे कुणी ठरवून केले असे मला वाटत नाही. छोट्या छोट्या सोयींचे निर्णय एकामागून एक होत गेले आणि त्यांची बेरीज अशी झाली. या पत्रात एकच मुद्दा मांडायचा आहे. क्लासिक शर्यत ही या खेळाची जुनी, महागडी हौस आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात जगभर पसरण्याची सगळ्यांत जास्त शक्यता तिच्यातच आहे, कारण तिला काँक्रीट लागत नाही. वाहती नदी आणि पाणी सोडण्याचे ठरलेले वेळापत्रक एवढे पुरते. हे मराठीत लिहितो आहे याचे कारण पुढे येईलच; धरणातून पाणी कधी सुटणार हा प्रश्न ज्या भाषेत रोज विचारला जातो, त्या भाषेत या खेळाबद्दल बोलणे अगदीच गैरलागू नाही.

थोडी उजळणी करतो, आपल्यासाठी नव्हे तर हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी. स्लॅलमची पहिली विश्वस्पर्धा 1949 साली जिनिव्हात झाली. वाइल्डवॉटरची पहिली विश्वस्पर्धा त्यानंतर दहा वर्षांनी, 1959 मध्ये, फ्रान्समधल्या त्रेन्याक या लहानशा गावी वेझेर नदीवर झाली. दोन्ही खेळांची कल्पना बर्फावरच्या स्कीइंगवरून आलेली. तिथे जसे खांबांमधून नागमोडी जाणारे स्लॅलम आणि सरळ उतरंडीची शर्यत असे दोन प्रकार, तसेच इथेही. फ्रेंच लोक आजही वाइल्डवॉटरला ‘उतरण’ अशा अर्थाचाच शब्द वापरतात. स्लॅलममध्ये पाण्यावर टांगलेल्या अठरा ते पंचवीस दारांतून जायचे, लाल दार प्रवाहाच्या उलट आणि हिरवे प्रवाहाबरोबर. दांड्याला स्पर्श झाला तर दोन सेकंदांचा दंड आणि दार चुकले तर पन्नास. तिथे रचना माणसाची आणि पाणी हे तिचे साधन. वाइल्डवॉटरमध्ये रचना नदीचीच. आयोजक फक्त आरंभ आणि शेवट यांची रेघ मारतो, मधले चार-सहा किलोमीटर नदीने आधीच आखून ठेवलेले असतात.

या शर्यतीत नेमके काय कसाला लागते हे नीट सांगितले पाहिजे, कारण ‘जोरात वल्हवणे’ अशी तिची समजूत असते. नदीतला सगळ्यांत जवळचा मार्ग बहुतेक वेळा सगळ्यांत वेगाचा नसतो. वळणाच्या आतल्या बाजूने गेले तर अंतर कमी पडते, पण तिथे पाणी उथळ आणि मंद. बाहेरच्या बाजूला ते खोल आणि वेगवान. उथळ पाण्यात होडीचा मागचा भाग खाली बसतो आणि होडी जणू कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी जड होते. मोठ्या लाटांच्या माथ्यावरून जाण्यात थरार असला तरी प्रत्येक लाट नाक वर उचलते आणि वेग खाते. म्हणून जाणकार खेळाडू लाटेच्या कडेने, फेसाळलेल्या आणि गुळगुळीत पाण्याच्या सीमेवरून होडी नेतो. कातळाच्या पाठीमागे पाणी उलटे फिरते, तिथे वीतभर जरी टोक शिरले तरी होडी गर्रकन वळते. ही सगळी गणिते थकलेल्या शरीराने करायची, आणि नाडी टिपेला पोहोचलेली असताना बाराव्या मिनिटालाही तितक्याच स्वच्छपणे करायची. म्हणूनच स्लॅलममध्ये नसलेली एक सवलत इथे असते: खेळाडूंना आधीचे काही दिवस तीच नदी पुन्हापुन्हा उतरून पाठ करता येते. मिनिटामिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडले जाते. सांघिक शर्यतीत तीन होड्या एकत्र निघतात आणि वेळ मोजली जाते ती तिसऱ्या होडीची. सर्वांत मागे राहणाऱ्याला बरोबर घेऊन जावे लागते असा हा नियम मला कुठल्याही क्रीडासंहितेतल्या सुंदर नियमांपैकी एक वाटतो.

होडीही याच गरजेतून घडली. वाइल्डवॉटरची एकट्याची कयाक साडेचार मीटरपर्यंत लांब असते, स्लॅलमच्या होडीपेक्षा तब्बल एक मीटर जास्त. तिला सुकाणू नसते. खेळाडू होडी कुशीवर कलती करून वळवतो. नियम सांगतो की रुंदी किमान साठ सेंटिमीटर हवी. अरुंद होडी वेगाने जाते हे रचनाकारांना ठाऊक, म्हणून त्यांनी पाण्यालगतचा भाग निमुळता ठेवला आणि बसण्याच्या जागेमागे, पाण्याच्या वर, दोन बाजूंना पंखांसारखे फुगवटे काढून साठ सेंटिमीटरची हजेरी लावली. नियमाचा शब्द पाळून त्याला बगल देण्याची ही कारागिरी पाहिली की आपल्याकडचे बैलगाडीवाले आणि त्यांचे सुतार आठवतात. पण गंमत बाजूला ठेवू. अशी लांब, डुगडुगणारी, वेगवान होडी अर्थपूर्ण ठरते ती किलोमीटरच्या हिशोबात. तीनशे मीटरच्या कृत्रिम पाटात ती म्हणजे बोळात आणलेला घोडा.

आता तक्रारीकडे येतो. 2002 साली इटलीतल्या वाल्सेझियाच्या विश्वस्पर्धेत क्लासिकच्या जोडीला स्प्रिंट आली. कल्पना चांगली होती. एकच जोरकस खळाळ, काठावर प्रेक्षक, निकाल लगेच. क्लासिकच्या जोडीला राहिली असती तर कुणाची हरकत नव्हती. पुढे 2011 पासून एक वर्षाआड फक्त स्प्रिंटच्या विश्वस्पर्धा सुरू झाल्या. त्यांची ठिकाणे पाहा: 2011 ला आउग्सबुर्ग, 2013 ला स्लोव्हेनियातले सोल्कान, 2015 ला व्हिएन्ना, 2017 ला पो, 2019 ला ला सेउ दुर्जेल, 2021 ला ब्रातिस्लावा. या सहांपैकी सोचा नदीवरचे सोल्कान सोडले तर बाकी पाचही ठिकाणे बांधलेल्या पाटांची. पो, ला सेउ आणि ब्रातिस्लावा इथे तर स्लॅलमच्या विश्वस्पर्धेबरोबरच वाइल्डवॉटरची स्प्रिंट उरकली गेली; तेच पाणी, तेच प्रेक्षक, तोच खर्च. हिशेबनीस खूश झाला असेल. पण विश्वविजेता हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावला गेला: एकाने नदी उतरली, दुसऱ्याने पाट उतरला. दोघेही कसलेले, यात वाद नाही. पण कालांतराने तरुण खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक कशाची तयारी करतील? ज्याची स्पर्धा दरवर्षी होते त्याची, आणि ज्याला घराजवळचा पाट पुरतो त्याची.

या सरकण्यामागे ऑलिम्पिकची ओढ आहे असे माझे अनुमान आहे आणि ते चुकीचे असेल तर आपण जरूर सांगावे. आखूड, ठरावीक जागेत मावणारी, कॅमेऱ्याला सोयीची शर्यत ही त्या दाराकडे जाणारी वाट असते. पण त्या दाराचा इतिहास पाहू. स्लॅलम 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये आले, आउग्सबुर्गच्या आइसकनाल या खास बांधलेल्या पाटात. पूर्व जर्मनीने त्याची हुबेहूब प्रतिकृती आपल्या झ्विकाऊ शहरात बांधून सराव केला आणि चारही सुवर्णपदके नेली. नंतर वीस वर्षे स्लॅलम ऑलिम्पिकबाहेर राहिले, कारण असा पाट बांधण्याचा खर्च पुढच्या यजमानांना परवडणारा वाटला नाही; ते परतले 1992 मध्ये, बार्सिलोनाच्या वेळी. आज उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंची संख्या साधारण साडेदहा हजारांवर रोखलेली आहे. नवा प्रकार येतो तो जुन्याच्या जागा घेऊन. दोघांची कनू स्लॅलममधून गेली तेव्हा स्त्रियांची एकेरी कनू आली, आणि पॅरिसमध्ये 2024 साली कयाक क्रॉस ही आखूड झुंजशर्यत आली ती सपाट पाण्यावरच्या शर्यतींच्या जागा घेऊन. म्हणजे वाहत्या पाण्याच्या वाट्याला असलेली जागा भरली आहे, आणि कयाक क्रॉसने ‘एका मिनिटाचा थरार’ हा विभागही व्यापला आहे. मग वाइल्डवॉटर स्प्रिंटला तिथे कोण बोलावणार? ज्या दारातून आत घेणारच नाहीत, त्याच्या मापाने आपले हातपाय कापून घेण्यात शहाणपण नाही.

यावर एक खणखणीत आक्षेप घेतला जाईल. ऑलिम्पिक नसेल तर चांगले खेळाडू निघून जातील, सरकारे पैसा देणार नाहीत. हे खरे आहे आणि घडलेही आहे. जर्मनीचा माक्स होफ वाइल्डवॉटरचा विश्वविजेता होता. तो सपाट पाण्यावर गेला, 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये एक हजार मीटरच्या एकेरीत कांस्य आणि 2016 च्या रिओत चौघांच्या कयाकमध्ये सुवर्ण मिळवले. फ्रान्सची मानों ऑस्तेन्स हीदेखील वाइल्डवॉटरची विश्वविजेती, आणि ऑलिम्पिकसाठी तिलाही सपाट पाण्याचा रस्ता धरावा लागला. पण या दोन नावांतून नेमके काय सिद्ध होते? लांब नदी उतरताना घडलेले शरीर आणि पाण्याची जाण इतकी पक्की असते की ती जगातल्या सर्वोत्तम सपाट-पाण्याच्या खेळाडूंत जाऊन उभी राहते. हे क्लासिकने घडवलेले भांडवल आहे. ते टिकवायचे असेल तर घडवणारी शाळा बंद करून चालणार नाही. स्प्रिंट सुरू होऊन दोन दशके झाली. खेळाडूंची गळती त्यामुळे थांबली असे दिसत नाही, कारण त्यांना ओढणारे पदक तिथेही नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध दिले ते दुखणे तसेच आहे आणि औषधाचे दुष्परिणाम मात्र अंगावर आले.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा पेच नवा वाटू नये. लाल माती आणि गादी यांचा वाद इथे अर्धशतक चालू आहे. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते, म्हणून मातीत खेळणे मागास, असे म्हणणारे आहेत; गादीने कुस्तीचा प्राण नेला, असे म्हणणारेही आहेत. खाशाबा जाधव मातीत घडले आणि 1952 साली हेलसिंकीत गादीवर कांस्यपदक जिंकले, हे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने सांगतात. पण महाराष्ट्र केसरीने एक व्यवहारी तोड काढली: माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींच्या विजेत्यांची शेवटी गाठ. एकाने दुसऱ्याला संपवायचे नाही. वाइल्डवॉटरमध्येही तसे होऊ शकते. स्प्रिंट राहू द्या, पण प्रत्येक विश्वस्पर्धेत क्लासिकच्या सोबत आणि शक्यतो त्याच नदीतल्या एखाद्या खळाळावर. फक्त स्प्रिंटची, पाटातली स्पर्धा भरवायचीच असेल तर तिला विश्वचषकाची फेरी म्हणा, विश्वविजेतेपद म्हणू नका.

दूरचित्रवाणीचा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. चार किलोमीटर नदी, वर दाट झाडी, एका वेळी एक होडी, कॅमेरे लावायचे कुठे? 1970 च्या दशकात या प्रश्नाला उत्तर नव्हते. आज ड्रोन आहेत, होडीवर बसणारे स्थाननिदर्शक यंत्र आहे, दर टप्प्याला किती सेकंदांचा फरक पडला हे पडद्यावर दाखवता येते. सायकलींची वैयक्तिक वेळशर्यत याच पद्धतीने दाखवतात; तिथेही एकटा माणूस घड्याळाशीच भांडत असतो आणि लोक तासन्तास पाहतात. शिवाय नदीकाठची गर्दी तिकीट काढून आत सोडावी लागत नाही. आखूड शर्यतीत काय होणार हे सुरुवातीला पाहणाऱ्याला कळते. लांब शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत कळत नाही. ही गोष्ट दाखवायला थोडे कष्ट पडतात एवढेच. खरी अडचण पैशाची आहे, पण तो पैसा प्रक्षेपणावर खर्च करायचा की पाटाच्या भाड्यावर, हा निवडीचा प्रश्न आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहिले त्यापाशी आलो. वाइल्डवॉटर या नावात ‘रानटी पाणी’ असे आहे, पण या खेळाच्या इतिहासातल्या कितीतरी मोठ्या शर्यती रानटी पाण्यावर झालेल्याच नाहीत. त्या झाल्या सोडलेल्या पाण्यावर, धरणाच्या विसर्गावर. पहिल्याच विश्वस्पर्धेचे त्रेन्याक घ्या, तिथे वेझेरचे पाणी वरच्या धरणातून येते. तिथेच 2000 आणि 2022 मध्ये पुन्हा विश्वस्पर्धा झाली. 1967 ची विश्वस्पर्धा तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात, व्ल्टावा नदीवर लिप्नो धरणाच्या खाली झाली. तिथे पाणी बोगद्याने भूमिगत वीजघरात नेले जाते, त्यामुळे ‘सैतानाचे प्रवाह’ या नावाचा तो कातळांचा टप्पा एरवी जवळजवळ कोरडा असतो आणि ठरल्या दिवशी पाणी सोडले की तासाभरात नदी जागी होते. 1989 साली अमेरिकेतल्या मेरीलँडमधली सॅव्हेज नदीही धरणाच्या पाण्यावर धावली. वेल्समधल्या बाला इथे 1981 आणि 1995 मध्ये ज्या ट्रिवेरिन नदीवर स्पर्धा झाल्या, तिला उन्हाळ्यात पाणी मिळते ते लिन केलिन जलाशयातून. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकचे स्लॅलमसुद्धा ओकोई नदीच्या अशाच एका टप्प्यात झाले, जिथले पाणी एरवी वीजनिर्मितीसाठी वळवलेले असते. म्हणजे या खेळाला जे लागते ते आधीच जगभर बांधून पडले आहे. हवा आहे तो करार: अमुक दिवशी, अमुक वेळेत, इतके घनमीटर पाणी.

इथे माझी भाषा उपयोगी पडते. धरणातून कालव्यात ठरावीक दिवशी ठरावीक पाणी सोडण्याला आमच्याकडे ‘आवर्तन’ म्हणतात. आवर्तन कधी सुटणार, किती दिवसांचे, शेवटच्या टोकापर्यंत पोहोचणार का, यावर कालवा सल्लागार समितीत खडाजंगी होते. शेतकरी, साखर कारखाना, शहराची पाणीपुरवठा योजना, वीजमंडळ, सगळे आपापला हिशेब घेऊन बसतात. त्या टेबलावर खेळाला एक खुर्ची मिळावी, एवढेच या खेळाच्या प्रसाराचे गमक आहे. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर वर्षभर राफ्टिंग चालते, तेही मे महिन्यात, जेव्हा कोकणातल्या बहुतेक नद्यांत पाय बुडण्याइतके पाणी उरत नाही. त्याचे कारण सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. मुळशीच्या जलाशयाचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिरा इथल्या टाटांच्या वीजघरात उतरते, वीज करून कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याला समुद्रास मिळते. हे वीजघर 1927 पासून चालू आहे. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे दररोज एक वाहती नदी विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त होते आहे. राफ्टवाल्यांनी त्या वेळापत्रकाला आपला धंदा जोडून घेतला. कुंडलिका विश्वस्पर्धेला सोपी पडेल, हे मान्य. पण आशियाई पातळीची, किशोर गटाची, शिकाऊ देशांची क्लासिक तिथे सहज होईल.

यावर सगळ्यांत गंभीर आक्षेप पर्यावरणवाल्यांचा नव्हे, तर धरणग्रस्तांचा असू शकतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. जमिनी गेल्या, गावे पाण्याखाली गेली. ज्या ट्रिवेरिनवर आपण दोन विश्वस्पर्धा घेतल्या, तिच्या जलाशयाने 1965 मध्ये कॅपेल केलिन हे वेल्श भाषिक गाव गिळले. लिव्हरपूल शहराला पाणी देण्यासाठीचा तो कायदा संसदेत आला तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. लिव्हरपूलच्या महापालिकेने 2005 मध्ये माफी मागितली. अशा पाण्यावर खेळणे म्हणजे दुसऱ्याच्या उद्ध्वस्त घरावर नाचणे नव्हे का? माझे उत्तर असे, की धरण बांधण्याचे समर्थन खेळ कधीही करू शकत नाही आणि आपल्या महासंघाने तसे कधी करूही नये. पण जे बांधले गेले ते पाणी आज कोण, कसे, कुणासाठी वापरते, हा प्रश्न उघड होणे धरणग्रस्तांच्याही हिताचे आहे. खेळासाठी पाणी मागायला गेले की विसर्गाचे वेळापत्रक जाहीर करावे लागते, नदीकाठच्या गावांना आधी कळवावे लागते, पाणी एकदम न सोडता पायऱ्यापायऱ्यांनी वाढवावे लागते. अचानक सोडलेल्या पाण्यात माणसे आणि गुरे वाहून जाण्याच्या बातम्या आपण वाचतो. नदीतल्या माशांची अंडीही अशाच झटक्याने उघडी पडतात किंवा धुऊन जातात. शर्यतीसाठी जास्तीचे पाणी मागू नये, जे विजेसाठी सुटणारच आहे त्याचीच वेळ ठरवावी, ही अट महासंघाने स्वतःवर घालून घेतली तर हा आक्षेप पुरता मिटणार नाही, पण त्याची धार बोथट होईल. शिवाय स्पर्धेच्या आवारात त्या बुडालेल्या गावाचे नाव ठळक असावे. बाला इथे आपण ते केले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते.

दुसऱ्या बाजूला काँक्रीटचा हिशेब ठेवा. लंडनजवळचा ली व्हॅलीचा पाट तीनशे मीटर लांब, साडेपाच मीटर उताराचा आणि सेकंदाला तेरा घनमीटर पाणी पंपांनी वर चढवणारा. तो आजही उत्तम चालतो, सिडनीजवळचा पेनरिथचा पाटही चालतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोठे शहर, श्रीमंत प्रेक्षक आणि तिकीट काढून राफ्टिंग करणारे लोक असतील तर पाट स्वतःचे पोट भरू शकतो. पण अथेन्सच्या 2004 च्या ऑलिम्पिकसाठी जुन्या विमानतळाच्या जागेवर समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा जो पाट बांधला, तो खेळ संपल्यावर ओसाड पडला. लॉस एंजेलिसच्या 2028 च्या आयोजकांनी तर आपल्याकडे नवा पाट न बांधता स्लॅलम थेट ओक्लाहोमा शहरात नेले, जिथे तो आधीच आहे. ऑलिम्पिकच इतके सावध होत असताना गरीब देशांना ‘आधी पाट बांधा, मग खेळात या’ असे सुचवणारी स्पर्धारचना आपण का ठेवावी? भारत 2036 च्या ऑलिम्पिकची इच्छा बाळगून आहे. त्या निमित्ताने अहमदाबादच्या आसपास असा एखादा पाट उभा राहील, अशी चर्चा होणारच. तो झाला तर स्लॅलमचे काम होईल. पण त्याआधी आणि त्याच्याविनाही देशात नदीचे खेळाडू घडू शकतात, कारण नद्या आहेत.

आणि इथे आपल्याच नोंदवहीतली एक गोष्ट बोचते. 1959 ते 2022 या काळातल्या वाइल्डवॉटर विश्वस्पर्धा युरोपबाहेर फक्त दोनदा गेल्या: 1979 मध्ये कॅनडातल्या क्युबेकला आणि 1989 मध्ये मेरीलँडला. आशियात एकदाही नाही, आफ्रिकेत नाही, दक्षिण अमेरिकेत नाही. जगातल्या सर्वांत उताराच्या, सर्वांत पाण्याच्या नद्या ज्या खंडांत आहेत ते सारे खंड या खेळाच्या नकाशाबाहेर. याला कारण त्या देशांत खेळाडू नाहीत, असे उत्तर मिळेल. पण स्पर्धा नसेल तर खेळाडू कुठून येणार? केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या कोडंचेरी इथे 2013 पासून भर पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, चालिपुळा आणि इरुवळिंजीपुळा या डोंगरी नद्यांवर. तिथे परदेशी कयाकपटू येतात आणि नदी उतरण्याची शर्यतही होते. तिथे पाट नाही, पंप नाही, फक्त जुलैचा पाऊस आहे. हृषीकेशच्या वर गंगेवर टिहरी धरणाच्या विसर्गाची आणि हिमालयातल्या वितळत्या बर्फाची जोड आहे, तिथले खळाळ कुंडलिकेपेक्षा कितीतरी कडक आहेत. मध्य प्रदेशात महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेच्या कातळांवर स्लॅलमचा राष्ट्रीय सराव होतो. कमतरता आहे ती कॅलेंडरमधल्या एका ओळीची.

सुरक्षेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर पैसा लागेल. लांब नदीत दर दोनतीनशे मीटरवर दोरीवाले बचावपथक हवे, वाहतूक आणि रुग्णवाहिका काठालगत हवी, पाणी ठरल्याहून वाढले तर शर्यत थांबवण्याचा अधिकार कुणा एकाकडे हवा. नव्या देशांना हे सगळे एकदम जमणार नाही. पण पाटाच्या एका हंगामाच्या वीजबिलात किती बचावपथके प्रशिक्षित होतील, याचा अंदाज आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगला येईल. हृषीकेशला आणि कोलाडला दररोज शेकडो पर्यटकांना सुखरूप नदी उतरवून देणारे वाटाडे आहेत. त्यांना आंतरराष्ट्रीय नियमांचे प्रशिक्षण देणे हे काम एखाद्या शिबिराचे आहे. न्याय्यतेचाही प्रश्न निघेल, की सकाळी पहिल्या होडीला आणि दुपारी शेवटच्या होडीला सारखे पाणी मिळेल का. वितळत्या बर्फाच्या नदीत ते मिळत नाही, धरणाच्या विसर्गात बरेच मिळते. त्यामुळे क्लासिकची बाजू धरणाच्या नदीवर उलट अधिक बळकट होते.

म्हणून पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एक प्रस्ताव मांडावा अशी विनंती आहे. विश्वविजेतेपद देणाऱ्या कुठल्याही वाइल्डवॉटर स्पर्धेत क्लासिक असलीच पाहिजे, असा नियम व्हावा. यजमानपद मागणाऱ्या देशाने अर्जासोबत धरणचालकाशी झालेला विसर्गाचा लेखी करार जोडावा, आणि तो करार स्पर्धेनंतर किमान पाच वर्षे वर्षातून काही ठरलेल्या दिवशी स्थानिक क्लबांसाठी चालू राहावा. त्याबरोबर आशियात एक क्लासिक विश्वचषक फेरी जाहीर व्हावी. नदी कुठली हे आशियाई महासंघाने ठरवावे, ती कुंडलिका असलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. भिराच्या वीजघरातून पाणी कधी सुटते याची वेळ कोलाडच्या राफ्टवाल्यांना रोज विचारावी लागते आणि ते रोज विचारतात. उत्तरात एखादा दिवस ‘त्या दिवशी सकाळी सात ते अकरा, शर्यतीसाठी’ असा आधीच छापलेला असावा, इतपत मागणी आहे.

कळावे.

आपला,
महाराष्ट्रातून लिहिणारा एक क्रीडालेखक